तपासनीस आधी तपासा

रोबॉट जागचा हलत नाही. कोड विनातक्रार कंपाइल झालेला असतो, टर्मिनलवर एकही लाल ओळ नसते, मोटरना वीज मिळत असते, तरी यंत्र ढिम्म उभं असतं. बरीच शोधाशोध झाल्यावर कळतं, की वेग ठरवणारा प्रोग्रॅम ‘सीएमडी_व्हेल’ नावाच्या टॉपिकवर हुकूम सोडतोय आणि चाकं फिरवणारा प्रोग्रॅम ‘सीएमडी_व्हेलॉसिटी’ नावाच्या टॉपिकवर कान लावून बसलाय. आपापल्या जागी दोघंही बरोबर आहेत. कंपायलरच्या लेखी टॉपिकचं नाव म्हणजे अवतरणचिन्हांतली अक्षरं. ती दुसऱ्या फाइलमधल्या अक्षरांशी जुळतात की नाही, हे पाहणं त्याच्या कामात बसत नाही.

रोबॉटिक्समधल्या सॉफ्टवेअरची मूळ घडणच अशी आहे, की असे दोष कंपायलरच्या नजरेतून निसटतात. आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी ‘रोबॉट ऑपरेटिंग सिस्टीम’, म्हणजेच रॉस, २००७ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि विलो गॅरेज ही कॅलिफोर्नियातली संस्था यांच्या कामातून उभी राहिली. नावात ऑपरेटिंग सिस्टीम असलं, तरी ती उबुंटूसारख्या खऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बसते आणि मुख्यतः निरोपांची ने-आण करते. कॅमेऱ्याचा एक प्रोग्रॅम, नकाशाचा दुसरा, चाकांचा तिसरा. या प्रत्येकाला ‘नोड’ म्हणतात. नोड एकमेकांना ओळखत नाहीत. टॉपिकवर निरोप टाकतात आणि टॉपिकवरून निरोप उचलतात. एकानं लिहिलेला नकाशाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या रोबॉटवर चालतो तो या अनोळखीपणामुळेच. आणि नावात एका अक्षराची चूक झाली तर कोणीच ओरडत नाही, तेही त्याचमुळे.

म्हणूनच कोड न चालवता, नुसता वाचून त्यातले दोष हुडकणाऱ्या साधनांची इथे गरज भासते. ही कल्पना जुनी आहे. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेसाठी ‘लिंट’ लिहिलं, तेव्हापासून या साधनांचा वंश चालू आहे. पण साधारण लिंटला टॉपिक म्हणजे काय हे ठाऊक नसतं, आणि मीटर व रेडियन यांतला फरकही कळत नाही. रोबॉटिक्सला स्वतःचे तपासनीस घडवावे लागले.

पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात, मिन्यो विद्यापीठ आणि इनेस्क टेक या संशोधन संस्थेतल्या गटानं ‘हॅरॉस’ बनवलं. त्याची मांडणी आंद्रे सांतोस, आल्सिनो कुन्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ च्या ‘आयरॉस’ या रोबॉटिक्स परिषदेत केली. हॅरॉस दोन कामं करतं. सीपीपीलिंट, सीपीपीचेक, पायलिंट यांसारख्या तयार तपासनीसांना प्लगइन म्हणून जोडून त्यांचे निष्कर्ष एका जागी आणणं, हे पहिलं. दुसरं जास्त मोलाचं: सोर्स कोड आणि कोणते नोड सुरू करायचे हे सांगणाऱ्या लाँच फाइली वाचून कोणता नोड कोणत्या टॉपिकवर लिहितो, कोणता वाचतो, याचा आलेख रोबॉट सुरू न करताच उभा करणं. वरच्या उदाहरणातली चूक त्या आलेखात ऐकणारा नसलेला टॉपिक म्हणून उघडी पडते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांचं ‘रॉसडिस्कव्हर’ हे साधनही याच वाटेनं जातं.

नेब्रास्का विद्यापीठातल्या गटाचं ‘फ्रिकी युनिट्स’ वेगळ्याच दुखण्यावर बोट ठेवतं. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळाजवळ नष्ट झालं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत आकडे देत होतं आणि ते घेणारं न्यूटन-सेकंद समजत होतं. फ्रिकी युनिट्स अशाच घोळाचा माग सी++ कोडमध्ये काढतं. रॉसच्या ठराविक संदेशांमधल्या राशींची एककं ठरलेली असतात: अंतर मीटरमध्ये, कोन रेडियनमध्ये, वेग मीटर प्रतिसेकंद. या माहितीवरून साधन पुढच्या बेरजा-वजाबाक्यांची एककं ताडून पाहतं, आणि प्रोग्रॅमरला त्यासाठी एकही जादा खूण करावी लागत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गटानं २१३ मुक्त-स्रोत प्रणाली, म्हणजे नऊ लाखांहून जास्त ओळी, तपासल्या. त्यातल्या ११ टक्के प्रणालींत एककांची विसंगती सापडली.

एवढं ऐकल्यावर कुठल्याही प्रयोगशाळेत पहिला विचार येतो तो हाच, की हे आजच बसवून टाकू. आणि तिथेच घोडं पेंड खातं. साधनाच्या परिचयात इन्स्टॉलेशनच्या जेमतेम दोन-तीन ओळी असतात; त्या टाइप केल्यावर जे सुरू होतं ते संध्याकाळपर्यंत संपत नाही. या पुस्तकाची पुढची प्रकरणं या टप्प्याविषयी आहेत. विश्लेषणाच्या सिद्धांतावर लिहिणारे पुष्कळ आहेत. साधन बसवताना अडलेल्या माणसाच्या शेजारी बसून लिहिणारे मात्र थोडे, आणि मराठीत तर फारच थोडे.

अडचण नेमकी कशामुळे येते, हे आधी समजून घेतलं तर पुढचे सगळे एरर एकाच कुळातले वाटू लागतात. कोड तपासणाऱ्या साधनाला तो कोड कंपायलर जसा वाचतो तसाच वाचावा लागतो. हेडर फाइल कुठे आहे, कोणते मॅक्रो लागू आहेत, सी++ चं कोणतं मानक धरायचं, हे सगळं त्याला ठाऊक असावं लागतं. एका फोल्डरात मावणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला हे सोपं जातं. रॉसचा कोड मात्र तीन ठिकाणी विखुरलेला असतो. रॉसची स्वतःची हेडर ‘ऑप्ट’ या सिस्टीम फोल्डरात, आपला कोड वर्कस्पेसच्या ‘सोर्स’मध्ये, आणि तिसरा भाग सुरुवातीला अस्तित्वातच नसतो.

हा तिसरा भाग जरा जवळून पाहण्याजोगा आहे. समजा, एका पॅकेजनं बॅटरीची स्थिती कळवण्यासाठी स्वतःचा संदेश ठरवला. ती एक साधी मजकूर फाइल असते, तिच्यात दोन ओळी: एक दशांश संख्या व्होल्टेजसाठी, एक होय-नाही मूल्य चार्जिंगसाठी. सी++ कोड मात्र ‘बॅटरी डॉट एच’ अशा नावाचं हेडर मागतो. ते हेडर कोणी माणसानं लिहिलेलं नसतं. बिल्ड चालू असताना रॉस त्या दोन ओळींवरून ते तयार करतं आणि वर्कस्पेसच्या वेगळ्या फोल्डरात ठेवतं. म्हणजे गिटवरून नुकत्याच उतरवलेल्या वर्कस्पेसवर तपासनीस चालवला, तर त्याला ते हेडर मिळणारच नाही. कोड न चालवता तपासणारं हे साधन कोड बिल्ड न करता मात्र तपासू शकत नाही. नवख्यांचे निम्मे एरर या एका वाक्यानं सुटावेत.

बिल्ड झालं तरी साधनाला त्याची खबर द्यावी लागते. ती खबर एका फाइलमधून जाते. बिल्डची आखणी करणाऱ्या सीमेकला सांगितलं, तर तो प्रत्येक सोर्स फाइल कोणत्या आज्ञेनं कंपाइल झाली याची यादी जेसन स्वरूपात लिहून ठेवतो. तिला कंपायलेशन डेटाबेस म्हणतात. हा पर्याय सहसा आपणहून चालू नसतो. शिवाय रॉसच्या पहिल्या पिढीतलं, म्हणजे रॉस १ मधलं, कॅटकिन मेक हे बिल्ड साधन पूर्ण वर्कस्पेसला एकच प्रकल्प मानतं, त्यामुळे यादीही एकच बनते. कॅटकिन टूल्स आणि पुढच्या पिढीच्या रॉस २ मधलं कोलकॉन प्रत्येक पॅकेज वेगळं बांधतात, त्यामुळे प्रत्येक पॅकेजच्या बिल्ड फोल्डरात वेगळी यादी पडते. एकाच यादीची वाट पाहणारं साधन अशा वेळी एखाद्या पॅकेजपुरतंच पाहतं किंवा काहीच पाहत नाही. यादीतले पत्ते मुळापासूनचे पूर्ण पत्ते असतात, हीदेखील एक मेख. बिल्ड डॉकर कंटेनरच्या आत झालं आणि तपासनीस बाहेर लॅपटॉपवर चालवला, की यादीतला एकही पत्ता लागू पडत नाही.

आता त्या एररकडे वळू, ज्याच्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकलेत: ‘स्टडडेफ डॉट एच ही फाइल सापडली नाही.’

हे हेडर सी भाषेच्या अगदी पायातलं. ते नसेल तर जगातला कुठलाच सी प्रोग्रॅम कंपाइल व्हायला नको. विद्यार्थी गोंधळतो, जीसीसी पुन्हा इन्स्टॉल करतो, सी लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज पुन्हा उतरवतो, उबुंटू बदलण्यापर्यंत मजल जाते. फाइल शोधली तर संगणकावर ती एकाहून जास्त ठिकाणी असते, तरी एरर तसाच. कारण असं: हॅरॉससारखी साधनं सी++ वाचण्यासाठी क्लँग कंपायलरच्या ‘लिबक्लँग’ या लायब्ररीचा आधार घेतात. क्लँग जेव्हा स्वतः चालतो, तेव्हा तो आपल्या शेजारच्या फोल्डरातली अशी पायाभूत हेडर आपणहून शोधतो. पायथॉनमधून नुसती लायब्ररी उचलून वापरली, की ‘शेजार’ कुठला हे तिला कळेनासं होतं. पुन्हा इन्स्टॉल करून हे सुटत नाही. क्लँगच्या त्या हेडर फोल्डराचा पत्ता साधनाला हातानं द्यावा लागतो. हॅरॉसच्या सेटिंग फाइलमध्ये यासाठी जागाच आहे: लिबक्लँग कुठे आहे, त्याची मूळ हेडर कुठे आहेत, आणि कंपायलेशन डेटाबेस कुठे आहे. या तीन ओळी बरोबर भरल्या, की सी++ वाचण्यातल्या बहुतेक कुरबुरी थांबतात.

याच लिबक्लँगचा दुसरा हट्ट आवृत्तीचा आहे. उबुंटूच्या भांडारातून आलेली लायब्ररी एका आवृत्तीची आणि पिपनं उतरवलेली पायथॉनची जोडणी दुसऱ्या आवृत्तीची असेल, तर अमुक फंक्शन सापडत नाही, दोन्ही एकमेकांशी जुळतात याची खात्री करा, असा निरोप येतो. हा निरोप खरा असतो आणि शब्दशः पाळायचा असतो. लायब्ररी ४.० असेल तर जोडणीही ४.० चीच हवी. नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ म्हटलं तर ताजी आवृत्ती उतरते, म्हणून आकडा स्वतः लिहावा लागतो.

या सगळ्याच्या खाली आणखी एक थर आहे. तो रोबॉटिक्सचा नाही आणि विश्लेषणाचाही नाही, तरी सर्वांत जास्त वेळ तोच खातो. पिपनं साधन व्यवस्थित उतरवलं, तरी टर्मिनल म्हणतं की अशी आज्ञाच नाही. बहुधा प्रोग्रॅम घरच्या फोल्डरातल्या ‘लोकल बिन’मध्ये गेलेला असतो. उबुंटू हा फोल्डर लॉगिनच्या वेळी, तो आधीपासून असेल तरच, पाथमध्ये घेतं. पहिल्याच इन्स्टॉलेशननं तो निर्माण झाला असेल, तर लॉगआउट करून परत येणं हा सोपा उपाय.

पायथॉनचं स्थित्यंतर याहून जाचक ठरलं. हॅरॉसचा जन्म रॉस १ च्या काळातला, जेव्हा रॉसचा गाडा पायथॉन २.७ वर चालत होता. १ जानेवारी २०२० पासून पायथॉन २ ला अधिकृत आधार उरला नाही. त्याच वर्षी आलेलं रॉस नोएटिक उबुंटू २०.०४ वर पायथॉन ३ घेऊन आलं, आणि त्या उबुंटूत नुसत्या ‘पायथॉन’ नावाची आज्ञाच मूळ मांडणीत नव्हती. जुन्या स्क्रिप्टची पहिली ओळ नेमकी तिलाच हाक मारते, त्यामुळे अशा स्क्रिप्ट पहिल्या ओळीतच कोसळल्या. उबुंटू २४.०४ वर आणखी पुढची पायरी आली. तिथे सिस्टीमच्या पायथॉनमध्ये पिपनं काही घालायला गेलं, की हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं असं सांगून ते नकार देतं. मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावं लागतं. ते केलं की ‘रॉसपीकेजी’ सापडत नाही, कारण रॉसची पायथॉन मोड्यूल सिस्टीममध्ये बसलेली असतात आणि नव्या वातावरणाला ती दिसत नाहीत. आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं वाटतं, पण वातावरण बनवतानाच सिस्टीमची पॅकेजं दिसू द्या असा पर्याय दिला, की दोन्ही प्रश्न मिटतात.

रॉसचं ‘सेटअप डॉट बॅश’ प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये सोर्स करावं लागतं, हे सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात कळतं. डेस्कटॉपवरच्या चिन्हावर क्लिक करून उघडलेल्या एडिटरला मात्र त्या टर्मिनलमधलं काहीच ठाऊक नसतं, हे कळायला पुष्कळ दिवस जातात. टर्मिनलमध्ये चालणारा तपासनीस एडिटरमध्ये रुसतो तो यामुळे.

काही एरर तर वापरणाऱ्याच्या हातातलेच नसतात. रॉसच्या पॅकेजांवर सही करणारी डिजिटल किल्ली २०२१ मध्ये मुदत संपून निकामी झाली. काल चालणारं इन्स्टॉलेशन आज सहीच्या तक्रारीनं थांबू लागलं आणि नवी किल्ली उतरवून घेईपर्यंत थांबलेलंच राहिलं. अवलंबित पॅकेजं शोधून देणारं ‘रॉसडेप’ही आयुष्य संपलेल्या रॉस आवृत्त्यांची माहिती अपडेट करताना मुद्दाम वगळतं, त्या हव्या असतील तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. नोएटिक ही रॉस १ ची शेवटची आवृत्ती, तिचा आधार ३१ मे २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुन्या रोबॉटवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येणार, हे धरूनच चालावं.

इथवर ज्या अडचणी सांगितल्या त्या बहुतेक सगळ्या बोलतात. टर्मिनलवर लाल अक्षरं येतात, काम थांबतं, माणूस वैतागतो आणि शोध घेतो. या पुस्तकाचा खरा रोख न बोलणाऱ्या अडचणींवर आहे.

साधन बसलं. आज्ञा दिली. थोड्या वेळानं अहवाल आला: शून्य इशारे. प्रयोगशाळेत आनंदीआनंद. पण या शून्याला दोन अर्थ असू शकतात. कोड खरोखर स्वच्छ आहे, किंवा साधनानं कोड वाचलाच नाही. अहवालाच्या पानावर दोन्ही शून्यं सारखीच दिसतात. रक्ताचा थेंबही न घेता प्रयोगशाळेनं ‘सर्व काही नॉर्मल’ असा रिपोर्ट धाडावा, तसा हा प्रकार आहे, आणि तो वाटतो त्याहून फार जास्त वेळा घडतो.

हॅरॉसचंच पाहा. तो सांगाडा आहे. तपासणी करतात ती प्लगइन, आणि ती वेगळी उतरवावी लागतात. ती नसतील, तर तपासण्यासारखं साधनाजवळ फारसं काही उरत नाही. क्लँग-टायडी या साधनाच्या कित्येक आवृत्त्या मूळ मांडणीत हेडर फाइलींमधले इशारे दाबून ठेवतात आणि शेवटी एवढंच सांगतात, की अमुक इतके इशारे गाळले. ज्या रोबॉट पॅकेजाचा बराचसा कोड टेम्प्लेटच्या रूपानं हेडरमध्येच आहे, त्याच्या बाबतीत मुद्द्याची गोष्टच गाळली जाते. स्वीडनच्या डॅनियल मार्यामेकी यांनी सुरू केलेलं सीपीपीचेक याच्या उलट स्वभावाचं. हेडर सापडलं नाही तरी ते अडून बसत नाही, आहे तेवढ्यावर तपासतं. हा त्याचा मोठा गुण आहे. पण न मिळालेल्या हेडरमधल्या वर्गांविषयी ते काही बोलू शकत नाही, आणि वेगळं विचारल्याशिवाय तसं सांगतही नाही.

सर्वांत बोलकं उदाहरण रॉस २ मध्येच आहे. तिथे पॅकेजाच्या चाचण्यांबरोबर सीपीपीचेक आपोआप चालवण्याची सोय ‘अमेंट’ या साधनसंचात केलेली आहे. सीपीपीचेकच्या काही आवृत्त्या फारच संथ निघाल्या, तेव्हा सांभाळणाऱ्यांनी असा निर्णय घेतला, की संगणकावर तशी आवृत्ती असेल तर ही तपासणी वगळावी आणि तसा निरोप छापावा. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलं तर ती पुन्हा चालू होते. निर्णय समजण्यासारखा आहे, निरोपही प्रामाणिक आहे. तरी व्यवहारात काय होतं? शेकडो ओळींच्या बिल्ड लॉगमध्ये तो एक निरोप वाहून जातो. चाचणी ‘वगळली’ अशी नोंद होते, ‘नापास’ अशी होत नाही, आणि शेवटी सगळं हिरवं दिसतं. आपल्या पॅकेजावर सीपीपीचेक चालतं असं मानणारे कित्येक जण प्रत्यक्षात त्याच्याविना चाललेले असू शकतात.

यावरचा मुख्य उपाय कमालीचा साधा आहे. बसवलेल्या प्रत्येक तपासनीसापुढे जाणूनबुजून एक चूक पेरायची आणि ती पकडली जाते का ते पाहायचं.

एखाद्या नोडच्या मुख्य फंक्शनमध्ये तीन घरांचा पूर्णांकांचा ॲरे घ्यावा आणि चौथ्या घरात, म्हणजे तीन या क्रमांकाच्या घरात, शून्य टाकावं. सी++ मध्ये घरं शून्यापासून मोजली जातात, त्यामुळे हे घर ॲरेच्या बाहेरचं. सीपीपीचेकनं यावर ॲरे हद्दीबाहेर वाचल्या-लिहिल्याची तक्रार केलीच पाहिजे. नाही केली, तर साधन त्या फाइलपर्यंत पोहोचलेलं नाही, मग बाकीच्या अहवालाला काही किंमत नाही. ही एक पायरी झाली. दुसरी पायरी रोबॉटिक्सची: एका टॉपिकच्या नावातलं एक अक्षर बदलावं आणि हॅरॉसच्या आलेखात ती जोडणी तुटलेली दिसते का पाहावं. पहिली चूक पकडली आणि दुसरी नाही पकडली, तर प्लगइन काम करताहेत पण सी++ वाचून आलेख काढणारा भाग झोपलाय, एवढं निदान लगेच होतं. मग लिबक्लँगच्या त्या तीन ओळींकडे वळावं. पेरलेली चूक नंतर काढून टाकायला विसरू नये, हे सांगायची गरज नसावी. तरी ती वेगळ्या शाखेत पेरणं उत्तम.

चूक पेरण्याइतकीच महत्त्वाची दुसरी सवय फाइली मोजण्याची. पॅकेजात किती सोर्स फाइली आहेत आणि साधनानं किती वाचल्या, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पुष्कळ साधनं हा आकडा सहज दाखवत नाहीत, आणि हा त्यांच्या रचनेतला दोष आहे, असं स्पष्ट म्हटलं पाहिजे. तपासनीसानं काय सापडलं हे सांगण्याआधी काय पाहिलं हे सांगायला हवं. विद्यापीठांत तयार होणाऱ्या साधनांकडून ही अपेक्षा जास्तच आहे, कारण ती वापरणारे बहुतेक जण विद्यार्थी असतात आणि शून्याचा अर्थ लावण्याचा अनुभव त्यांच्याकडे नसतो.

याच संदर्भात संशोधन-साधनांच्या आयुष्याचाही विचार करावा लागतो. प्रबंध पूर्ण होतो, निधी संपतो, साधन लिहिणारा दुसऱ्या कामाला लागतो. उबुंटू, पायथॉन, क्लँग आणि रॉस मात्र आपापल्या गतीनं पुढे सरकत राहतात. तीन-चार वर्षांत साधनाच्या पायाखालची जमीन बदललेली असते. साधन चांगलं नव्हतं असा याचा अर्थ नाही. रॉसमधल्या २२१ खऱ्या दोषांचा ‘रोबस्ट’ नावाचा संग्रह करणाऱ्या संशोधकांपुढे हाच प्रश्न उभा होता: जुना दोष पुन्हा घडवून दाखवायचा तर त्या काळची सगळी लायब्ररी-मंडळी पुन्हा जमवायला हवीत. त्यांनी डॉकरचा आधार घेतला आणि दोषाच्या वेळचं वातावरण कंटेनरमध्ये बांधून ठेवलं. हॅरॉसच्या काळातलं साधन आज बसवणाऱ्यानंही हीच वाट धरावी. लॅपटॉपवरच्या ताज्या उबुंटूशी भांडत बसण्यापेक्षा जुन्या रॉसचा कंटेनर घ्यावा, त्यातच वर्कस्पेस बांधावा आणि तपासनीसही त्यातच चालवावा. पत्ते जुळण्याचा प्रश्नही त्याबरोबर सुटतो.

महाराष्ट्रात हा विषय दूरचा राहिलेला नाही. आयआयटी मुंबईचा ई-यंत्र उपक्रम आपल्या रोबॉटिक्स स्पर्धांमधून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना रॉसची ओळख करून देतो, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर उबुंटू चढवून पहिला नोड लिहिणारी मुलं आता जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयांतही भेटतात. त्यांच्यापुढे इन्स्टॉलेशनचा एरर येतो, तेव्हा बहुतेकांना तो स्वतःचा कमीपणा वाटतो. वर्गात कोणी विचारत नाही, शिक्षकांनीही ते साधन बसवलेलं नसतं, आणि मग कोड तपासण्याचा विषयच बाजूला पडतो. हे थांबायला हवं. या एररमध्ये मुलांच्या बुद्धीची परीक्षा नसते. चार वेगवेगळ्या प्रकल्पांच्या आवृत्त्या एका संगणकावर एकत्र नांदत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तो वाचायला शिकवता येतो. शेवटची ओळ न वाचता पहिली तक्रार शोधणं, एका वेळी एकच गोष्ट बदलणं, बदललेलं लिहून ठेवणं, हे सगळं प्रात्यक्षिकाच्या एका तासात बसतं.

पुढची प्रकरणं या क्रमानं जातात: आधी उबुंटू आणि पायथॉन, मग रॉसचं वातावरण, मग बिल्ड आणि कंपायलेशन डेटाबेस, मग लिबक्लँग, आणि शेवटी अहवाल वाचणं. ज्याचे पहिले दोन थर शाबूत आहेत त्यानं थेट तिसऱ्यावर उडी मारायला हरकत नाही. चूक पेरून पाहण्याचा भाग मात्र कोणीही गाळू नये.

वाचकांना एक विनंती. तुमच्या संगणकावर साधन बसलं, की एक छोटी टिपण फाइल प्रकल्पाच्याच फोल्डरात ठेवा. तिच्यात उबुंटू, रॉस, पायथॉन आणि क्लँग यांच्या आवृत्त्या लिहा, पॅकेजातल्या आणि वाचल्या गेलेल्या फाइलींचे आकडे लिहा, पेरलेली चूक आणि तिच्यावर आलेला इशारा जसाच्या तसा उतरवा. मराठीत लिहिलंत तरी चालेल. पुढच्या वर्षी त्याच रोबॉटवर काम करणारा विद्यार्थी ती फाइल सर्वांत आधी उघडेल.